दहा बाय बाराची बैठक

आमच्या घराची बाहेरची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे. याच खोलीत पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात, अम्मी पाच वेळची नमाज पढतात, रात्री दोन अंथरुणे पडतात आणि संध्याकाळी गल्लीतली चार मुले शिकवणीला येतात. सोलापुरातल्या आमच्या वस्तीत बहुतेकांच्या घरी हीच परिस्थिती आहे. दिवाणखाना म्हणायला जीभ धजत नाही, म्हणून आपण सगळे तिला 'बाहेरची खोली' म्हणतो.

या खोलीकडे आम्ही पंधरा वर्षांत कधी नीट पाहिले नव्हते. पाहायची वेळ आली ती धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे येणार असे ठरले तेव्हा. मध्यस्थ खालांनी निरोप दिला, "दिवाळीची सुट्टी संपता संपता मंडळी येतील. माणसं चांगली आहेत. पण त्यांचं घर मोठं आहे हं, जरा खोली ठीकठाक करून ठेवा."

'जरा ठीकठाक' या दोन शब्दांनी घरात वादळ उठले. अम्मींना वाटले, नवा सोफा हवाच. दिरांनी छताला पीओपी करून घ्यायचे सुचवले. कुणी म्हणाले, टीव्हीसाठी भिंतभर कपाट करा, आजकाल सगळ्यांकडे असते. आम्ही दोघे बाजारात फिरून आलो आणि कागदावर आकडे मांडले. सोफा 32 हजार, छत 16 हजार, टीव्हीचे कपाट 14 हजार, पडदे आणि गालिचा 6 हजार. बेरीज 68 हजार रुपये.

घरात रोख होती ती 48 हजार. ती नणंदेच्या डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेली. दुकानदार म्हणाला, "वीस हजार भरा, बाकीचे हप्त्याने. व्याज शून्य." आम्ही सहज विचारले, सगळे पैसे रोख दिले तर सोफा कितीला? तो म्हणाला, 29 हजारांना. म्हणजे व्याज कुठे लपले होते ते कळले. रोखीची सवलत बुडते, तेच ते व्याज. वरून कागदपत्रांची फी वेगळी.

रात्री जेवणानंतर दस्तरखान उचलताना नणंद हळूच म्हणाली, "भाभी, फीच्या पैशाला हात लावू नका. पाहुणे एक तास बसतील. मला कॉलेजात वर्षभर बसायचंय."

त्यानंतर आम्ही ठरवले की फीचे पैसे बाजूलाच राहतील, हप्ता काढायचा नाही आणि खोलीवर जास्तीत जास्त 12 हजार खर्च करायचे. सुट्टीचे दोन आठवडे हातात होते.

आधी बाहेर काढा, मग आत आणा

पहिल्या दिवशी आम्ही काहीच विकत आणले नाही. खोलीतली प्रत्येक वस्तू अंगणात नेऊन ठेवली आणि रिकाम्या खोलीत उभे राहिलो. मुलगा म्हणाला, "अम्मी, आपली खोली एवढी मोठी होती?" त्याच्या बोलण्यातच सगळे आले.

अंगणात काय काय निघाले ते सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच निघेल. काचेचा टीपॉय, ज्याच्या कोपऱ्याला सगळ्यांच्या नडग्या लागून झालेल्या. तीन माणसांचा एक आणि एकेकाच्या दोन अशा खुर्च्यांचा जुना सोफा, ज्याने जवळजवळ निम्मी खोली खाल्ली होती. शोकेसमध्ये कधीच न वापरलेला चहाचा सेट, धूळ बसलेली प्लास्टिकची फुले, शाळेत मिळालेली स्मृतिचिन्हे. भिंतीवर तीन कॅलेंडरे, दोन बंद घड्याळे आणि वेगवेगळ्या आकाराच्या सात तसबिरी. त्यांत आयतुल कुर्सीच तीन होत्या, तिन्ही भेट आलेल्या.

आम्ही तीन ढीग केले. रोज लागते ते, वर्षातून एकदा लागते ते, आणि कधीच लागत नाही ते. पहिला ढीग परत आत गेला, दुसरा माळ्यावर, तिसरा भंगारवाल्याकडे. सोफ्याचे 2,500 आणि भंगार-रद्दीचे 400 रुपये आले. दोन तसबिरी नात्यातल्या नव्या घरांना दिल्या. देताना अम्मींना वाईट वाटले, पण एका भिंतीवर एकच आयत शांतपणे वाचता येते, सात ठिकाणी नजर धावत राहते, हे त्यांनाही पटले.

ओल झाकू नका

खिडकीखालच्या भिंतीला पोपडे आले होते. बाजारात चिकटवायचे रंगीत कागद मिळतात, ते लावून टाकावे असा मोह झाला. ओळखीच्या रंगारी चाचांनी अडवले. "भाभी, आतून पाणी येतंय. कागद लावाल तर आत बुरशी होईल आणि पुढच्या पावसात कागदासकट गिलावा हातात येईल."

शोध घेतला तेव्हा गच्चीवरच्या टाकीचा पाइप सांध्यात पाझरत असल्याचे दिसले. पाइप आणि भिंतीची भेग दुरुस्त करायला 900 रुपये लागले. मग पोपडे खरवडून भिंत आठवडाभर उघडी ठेवली. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होती, म्हणून एवढ्यात भागले. पावसाळ्यात हे काम काढू नये. भिंत सुकली की नाही हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमले तर भिंत अजून ओली आहे.

रंगात झालेली चूक

इथे आमची एक चूक झाली, ती कबूल करतो. एका भिंतीला गडद रंग देण्याची पद्धत आहे, ती पाहून आम्ही पश्चिमेच्या भिंतीला गर्द हिरवा रंग दिला. दुकानातल्या कार्डावर तो फार सुंदर दिसत होता. खोलीत मात्र भिंत चार पावले पुढे आल्यासारखी वाटू लागली आणि दुपारी तीन वाजता दिवा लावायची पाळी आली. रंगाचा लहान डबा आणि एक दिवस वाया गेला.

गडद रंग उजेड पितो आणि फिका रंग उजेड परत देतो. लहान खोलीला चारही भिंती एकाच फिक्या रंगाच्या असल्या की कोपरे डोळ्यांना टोचत नाहीत आणि खोली सलग वाटते. आम्ही शेवटी सायीसारखा पिवळसर पांढरा रंग घेतला, छत स्वच्छ पांढरे ठेवले. रंग निवडण्याआधी भिंतीवर दोन फूट चौरस पट्टा रंगवून पाहा. तो सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबच्या उजेडात, असा तीन वेळा पाहा. एवढे केले असते तर आमचा हिरवा डबा वाचला असता.

रंग किती लागेल ते स्वतः मोजा. चार भिंतींची लांबी 44 फूट, उंची 9 फूट, म्हणजे 396 चौरस फूट. त्यातून दोन दारे आणि खिडकी वजा केली की साधारण 340 उरतात. भिंतींना दोन हात द्यायला चार लिटरचा एक डबा आम्हाला पुरला. पॉलिश पेपरने घासण्याचे काम मुलांनी आणि आम्ही तोंडाला ओढणी बांधून केले. पुट्टी आणि रंगाचे काम चाचांनी दोन दिवसांत उरकले. सामान 3,150, मजुरी 1,600. हिरव्या डब्याचे पैसे यातच आले.

सोफ्याऐवजी बैठक

आपल्या आजोबांच्या घरी सोफा कुठे होता? फरशीवर गादी, पाठीला लोड, हाताला तक्क्या. त्याच बैठकीवर जेवणे व्हायची, निकाहाची बोलणी व्हायची आणि रात्री त्याच गादीवर पाहुणा झोपायचा. लहान घरासाठी याहून सोयीचे काही नाही, हे आम्हाला उशिरा उमगले.

मागच्या पडवीत अम्मींच्या लग्नातला लाकडी पलंग पडून होता. सुताराने त्याची उंच पाठ कापून दिली, पाय बसक्या खुर्चीच्या उंचीचे केले आणि वरून पॉलिश मारले. 700 रुपयांत सहा फुटांचा दिवाण तयार झाला. त्याखाली अंथरुणांच्या दोन पेट्या सरकवल्या.

माळ्यावर चार जुन्या रजया होत्या, कापूस दगडासारखा झालेला. पिंजारी भाईंना निरोप दिला. त्यांनी मशीनवर कापूस पिंजला तेव्हा त्याचा ढीग बघून मुले हरखली. त्या जुन्या कापसात दिवाणाची एक गादी, खाली बसायची एक गादी आणि चार लोड झाले. पिंजणावळ, कापड आणि शिलाई मिळून 1,400 रुपये. नव्या कापसाचा एक गोळाही विकत घ्यावा लागला नाही.

वर घालायला सोलापुरी चादरीच आणल्या. ज्या गावात त्या विणल्या जातात तिथे राहून आपण प्लास्टिकसारखे चकचकीत कव्हर विकत आणतो, याची खरे तर लाज वाटली. विणीत एखादा दोष असलेला माल कारखान्याच्या दुकानात स्वस्त मिळतो. दोन चादरी 900 रुपयांत आल्या. त्या उलट-सुलट दोन्ही बाजूंनी वापरता येतात. एक बाजू मळली की उलटी करा. सुती असल्यामुळे उन्हाळ्यात अंगाला चटका बसत नाही आणि कितीही धुतल्या तरी टिकतात.

एक मात्र लक्षात ठेवा. बैठक कितीही चांगली असली तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसवू नका. घरात निदान दोन सरळ पाठीच्या खुर्च्या असू द्या. आमच्याकडच्या दोन खुर्च्या रंग मारून दाराजवळ ठेवल्या.

किब्ल्याची भिंत मोकळी

पूर्वी टीव्ही आणि शोकेस पश्चिमेच्या भिंतीला होते. महाराष्ट्रातून किब्ला साधारण पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. म्हणजे मगरिबला अम्मी उभ्या राहायच्या तेव्हा समोर टीव्ही. कुणीतरी धावत जाऊन तो बंद करायचा, त्यावर कापड टाकायचे, मधला टीपॉय उचलायचा. रोजची ही धावपळ आम्हाला इतकी सवयीची झाली होती की त्यात काही चुकते आहे हेच कळत नव्हते.

आता टीव्ही पूर्वेच्या भिंतीला, दाराशेजारी गेला. दिवाण दक्षिणेला खिडकीखाली, खालची बैठक उत्तरेच्या भिंतीला. दोन्हींची रुंदी अडीच-अडीच फूट, मधे पाच फूट फरशी मोकळी. पश्चिमेच्या भिंतीवर काहीच नाही. तिच्या पुढ्यात दोन जानमाज शेजारी शेजारी बसतात. तसबीर उत्तरेच्या भिंतीला लावली, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. कोपऱ्यात उंचावर एक फळी ठोकली, तिच्यावर कुरआन शरीफ आणि रिहल. तिच्या जवळ दुसरी फळी मुलांच्या पुस्तकांसाठी. फळ्या आणि तसबिरीची नवी चौकट 650 रुपये.

खिडकीसमोर आरसा लावला की उजेड दुप्पट वाटतो, असे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. पण आपल्या घरात आरसा कुठे लावायचा याचा वेगळा विचार करावा लागतो. नमाजीला समोर स्वतःचीच छबी दिसू नये. आमची खिडकी दक्षिणेला, म्हणून जुन्या कपाटाचा आरसा उत्तरेच्या भिंतीवर बसवता आला. तो खिडकीचा उजेड परत देतो आणि नमाजीच्या समोर येत नाही.

पडदा आणि दिवा

पडद्याची दांडी आपण खिडकीच्या चौकटीवरच ठोकतो. ती छताखाली सहा इंचांवर ठोका आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे न्या. पडदा वरपासून खालपर्यंत पडला की छत उंच वाटते आणि बाजूला सारल्यावर खिडकीची काच झाकत नाही. कापडाची रुंदी दांडीच्या दीडपट तरी हवी, नाहीतर पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो.

आतल्या दाराला त्याच कापडाचा दुसरा पडदा केला. बाहेर पुरुष पाहुणे बसलेले असताना आतल्या बायकांना मोकळेपणाने वावरता यावे, ही आपल्या घरांची गरज आहे. त्यासाठी कापड जाड नको, घडी जास्त हवी. दोन्हींना मिळून 11 मीटर सुती कापड लागले, 80 रुपये मीटर. शिलाई घरच्या मशीनवर. दांड्या आणि कड्यांचे 620. एकूण 1,500.

जुनी 40 वॅटची ट्यूब काढून 20 वॅटची एलईडी लावली. उजेड तेवढाच, वीज निम्मी. दिवाणाच्या कोपऱ्यावर पिवळसर उजेडाचा एक छोटा दिवा वेगळा घेतला. टीव्हीची जागा बदलल्यामुळे सॉकेट हलवावे लागले. सगळे मिळून 1,150. लोंबणाऱ्या वायरी पट्टीत घालून घेतल्या, त्यानेच निम्मी खोली नीटनेटकी दिसू लागली. शेवटी 250 रुपयांत फळांच्या जुन्या खोक्यांना रंग देऊन चपलांचा स्टँड केला आणि तो दाराबाहेर ठेवला.

खर्च झाला 12,200. जुने विकून आले 2,900. पदरचे गेले 9,300 रुपये. फीचे 48 हजार जागेवर.

पाहुणे आले

मंडळी आठ जण आली. दोघे खुर्च्यांवर, तिघी दिवाणावर, बाकीचे बैठकीवर आरामात बसले. मुलाच्या आजोबांनी लोडाला पाठ टेकली आणि म्हणाले, "बऱ्याच वर्षांनी असं बसलो." मुलाच्या आईने मात्र छताकडे पाहिले, भिंतींकडे पाहिले आणि म्हटले, "जागा लहान आहे, पण स्वच्छ आहे." त्यातला 'पण' आमच्या अम्मींच्या काळजात रुतून बसला.

दहा दिवसांनी खालांचा निरोप आला. मुलाला आणखी वर्षभर थांबायचे आहे. अशा निरोपाचा अर्थ आपल्याला माहीत असतो. खरे कारण काय होते ते आम्हाला कधीच कळले नाही.

दोन दिवस अम्मी गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सोफा घेतला असता तर..." मुलांच्या अब्बांनी मान खाली घातली. आमच्याही मनात तीच पाल चुकचुकत होती, हे लपवत नाही. माणसाने जपून खर्च करावा आणि नेमकी तिथेच माघार घ्यावी लागावी, तेव्हा स्वतःचाच राग येतो.

नणंद आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, "अम्मी, सोफा बघून जे हो म्हणतील, ते सोफा जुना झाल्यावर काय म्हणतील?" मग शांतपणे दिवाणाच्या कोपऱ्यात दिव्याखाली वही उघडून बसली. वर्षभर ती तिथेच बसून शिकली.

आता ती पास होऊन एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. पहिल्या पगारात तिने अम्मींसाठी हाताची खुर्ची आणली. अम्मी तीवर बसून नमाज पढतात, पश्चिमेच्या मोकळ्या भिंतीसमोर. स्थळे अजून येतात. बोलणी चालू आहेत. अल्लाहच्या मर्जीने जे जुळायचे ते जुळेल. पण पाहुणे येणार म्हटले की आता घरात पळापळ होत नाही. चादर उलटी घालतो, चहाचे आधण ठेवतो.

तुमच्यासाठी चार गोष्टी

भगिनींनो, आपल्यातली कितीतरी घरे मुलीच्या स्थळासाठी, ईदसाठी किंवा शेजारणीच्या एका शब्दासाठी हप्त्यांत अडकतात. सादगी आणि इस्राफ यांवर आपण बयान ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन सोफ्याच्या किमती काढतो. आम्हीही त्यातलेच. म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो.

पहिली, काही आणण्याआधी खोली एकदा पूर्ण रिकामी करून पाहा. जागा विकत मिळत नाही, पण अडगळ काढली की ती घरातच सापडते.

दुसरी, पैसे आधी दुरुस्तीला, मग रंगाला, मग उजेडाला आणि शेवटी शोभेला. हा क्रम उलटला की सगळे दोनदा करावे लागते.

तिसरी, माळा, पडवी आणि जुन्या पेट्या तपासा. पलंग, कापूस, आरसा, खोकी, आमच्या खोलीतले निम्मे सामान घरातच होते. गावातला सुतार, पिंजारी, रंगारी यांना काम द्या. त्यांच्या हाताला काम मिळते आणि आपल्याला मोठ्या दुकानापेक्षा कमी पैशात मापाची वस्तू.

चौथी, खोली कुणासाठी लावतो आहोत ते एकदा ठरवा. पाहुणा तासभर असतो. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे, मुलांची वही, नमाजीची जागा आणि रात्रीचे अंथरूण हे रोजचे आहे. रोजच्या माणसांना जी खोली सोयीची, ती पाहुण्यालाही सुखाची वाटते. ज्याला वाटणार नाही, त्याच्यासाठी मुलीची फी मोडू नका.

या सुट्टीत रविवारची एक सकाळ काढा. खोलीतला टीपॉय बाहेर ठेवून पाहा. पुढचे आपोआप सुचेल, इन्शाअल्लाह.